न मारलेल्या हाका

मोताळा
८ जानेवारी २०२४

निशी,

तू पुण्यात बरी असशील असं धरून लिहून राह्यलो. परवा तू फोन केलता. करत जाऊ नोको. फोनमंदी तुहा आवाज मले डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा येते. कागद बरा. उशिरा येते, पण दोनदा वाचता येते.

एक इचारायचं हाय. बाजाराच्या दिवशी मी गोपालच्या कृषी केंद्रात बसेल होतो. पुतण्याचं दुकान, म्हणून तिथं मले कोणी ऊठ म्हणत नाही. तर औषध-खत घ्यायले आलेले लोक माह्याकडंच पाहून राह्यले. एकानं माहा हात धरला, तर लवकर सोडेच ना. एक बाई पदर डोयाले लावून गेली. मी गोपालले म्हटलं, "काऊन बे, मी मेलो काय?" थो हासला नाही.

मंग त्यानं मोबाइल दाखवला. त्याच्यात तू. हातात माईक, मांगं मोठा पडदा, आन् अंगावर तुह्या आईची जांभळी साडी. थे पाहून मले बरं वाटलं. तू लय वेळ बोलली. मधातच थांबून डोये पुसले. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवून राह्यलते. काय बोलली म्हणून गोपालले इचारलं तर म्हणे, "काही नाही काका, जिनिंगच्या लोकाईच्या कानाबद्दल बोलली. चांगलं बोलली."

एवढ्यासाठी कोणी माहा हात धरत नाही. मी खामगावच्या कापसाच्या जिनिंगमंदी फिटर होतो आन् माहे कान मशीनीच्या आवाजानं गेले, हे सगळ्या मोताळ्याले ठाऊक हाय. त्यात रडण्यासारखं काय?

शेजारच्या तानुबाईनंही थे पाह्यलं असं वाटते. तुही आई गेल्यापासून ती रोज भितीवरून भाजीची वाटी देते. काल देतानी तिनं माह्याकडं पाह्यलं नाही.

तू काय बोलली थे जसंच्या तसं लिहून धाड. माह्याबद्दल सगळ्या गावानं आयकलं, मी एकटाच राह्यलो.

बाबा


पुणे
१७ जानेवारी २०२४

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. सकाळी एका कॉलेजात तासिका, संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात तासिका, मधल्या वेळात प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. खोलीवर आले की कुकर लावायचाही कंटाळा येतो, बिस्किटं खाऊन झोपते. मार्चअखेर प्रबंध द्यायचा आहे. तोवर हे असंच चालणार.

तुम्ही पाहिलंत ती एक स्पर्धा होती. आपलं संशोधन दहा मिनिटांत, गोष्टीसारखं, तोंडी सांगायचं. ऐकणारे आपल्या विषयातले नसतात, म्हणून त्यांना कळेल असं बोलायचं. माझ्या मार्गदर्शक स्नेहलता मॅडम, त्यांनीच माझं नाव दिलं. पहिल्या सरावाला मी आपलं सगळं मांडलं: खामगावच्या जिनिंगमध्ये किती कामगारांचे कान तपासले, कुणाचं किती ऐकणं गेलं, किती वर्षं मशीनजवळ उभं राहिलं की किती जातं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निशिगंधा, हे सगळं खरं आहे आणि हे कोणीही ऐकणार नाही. आकडा घेऊन कोणी घरी जात नाही. त्यांना एक माणूस दे."

मला दुसरा कुठला माणूस मिळणार होता? तुम्हीच होतात.

मग मी तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही कामावरून यायचात तेव्हा भुवयांना रुई चिकटलेली असायची, ते सांगितलं. आवाजानं कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज नंतर, हेही सांगितलं. म्हणजे मालकाची शिवी तुम्हाला ऐकू यायची आणि आईचं बोलणं नाही. इथे लोक हसले. तुम्ही किती नीट काम केलंत तेही बोलले. आईबद्दल थोडं बोलले, ती गेली त्या दिवसाबद्दल. शेवट जरा हळवा व्हावा लागतो.

पहिला नंबर आला. तुम्हाला कळवणारच होते, राहून गेलं.

जसंच्या तसं लिहायला आत्ता खरंच वेळ नाही, आणि बोलताना काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. लोकांचं मनावर घेऊ नका. त्यांना तुमच्याबद्दल आदर वाटला, इतकंच. तानुमावशींना माझा नमस्कार सांगा.

तुमची
निशी


मोताळा
३० जानेवारी २०२४

निशी,

तुले आठवत नाही म्हणून मी गोपालले कामाले लावलं. म्हटलं, मोबाइल लाव आन् पोरगी जे बोलते थे कागदावर लिही. त्यानं दोन दिवस टाळलं. आज गिऱ्हाईक हाय, उद्या लाइन नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानासमोर उन्हात जाऊन बसलो, तवा लिहून देलं.

पहिलं सगळं बरं हाय. रुईचं बरं हाय. शिवीचंही बरं हाय, मले हासू आलं. मंग पुढं हे हाय, जसंच्या तसं उतरवतो:

"आई न्हाणीत पाय घसरून पडली. बाबा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मध्ये एक भिंत. आईनं हाक मारली, 'अहो…' पुन्हा मारली. आवाज बसेपर्यंत ती हाका मारत राहिली, आणि बाबा शेंगा सोलत राहिले."

निशी, ह्या हाका तुले कोणं सांगतल्या?

दोन वर्सांखाली ती गेली तवा तू पुण्यात होती. घरात मी होतो, आन् मी बहिरा. चहाची वेळ टळून गेली म्हणून मी उठलो, तवा ती न्हाणीत पडेल दिसली. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिनं पुन्हा डोया उघडला नाही. मंग तुले हे कोणापासून समजलं? तू आली तवा ती बोलली होती काय? मले सांगतलं नाही काय?

परवा मी गोपालले न्हाणीत उभं केलं. मी ओसरीत जाऊन बसलो, त्या दिवशी बसेल होतो तिथंच, भितीले पाठ लावून. त्याले म्हटलं होतं, हाक मार. मी वाट पाहून राह्यलो. मंग थोच बाहीर आला, म्हणे, "काका, कवाचा मारून राह्यलो." म्हटलं, जोरानं मार. तवा भितीपल्याड कोणी पाटा सरकवावा तसं काहीतरी झालं. बस. अजून एकदा मार म्हटलं तर गोपाल घरी निघून गेला.

म्हणजे तू बोलली तसं होऊ शकते. थे मी पाहून घेतलं.

इतके दिवस मी असं समजून होतो की ती पडली आन् संपलं. तिले काही समजलं नाही. त्याच्यावर मी जेवत होतो, झोपत होतो. आता मी ओसरीत बसतच नाही. शेजारच्या तानुबाईले इचारलं, तुले काही आयकू आलं होतं काय. ती घरात निघून गेली.

खरं काय हाय थे लिही. मोठं पत्र नोको. फक्त एवढंच.

बाबा


पुणे
७ फेब्रुवारी २०२४

बाबा,

मला कोणीही सांगितलं नाही. आई काही बोलली नव्हती. त्या हाका मी घातल्या.

एवढंच लिहा म्हणालात, पण एवढंच लिहून भागणार नाही.

सरावात मी आधी म्हणत होते, "आई पडली आणि बाबांना कळलं नाही." मॅडम म्हणाल्या, "कळलं नाही हे लोकांना दिसणार कसं? ते दाखव." दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींसमोर सराव होता. तिथे मी म्हटलं, आईनं हाक मारली असेल. पुढच्या बाकावरची एक मुलगी सारखी मोबाइल बघत होती, तिनं तो खाली ठेवला. मला ते दिसलं. पुढच्या वेळी मी "असेल" काढून टाकलं. त्याच्या पुढच्या वेळी हाक दोनदा मारली. स्पर्धेच्या दिवसापर्यंत त्या हाका मलाच ऐकू यायला लागल्या होत्या. मी रडले ते खोटं नव्हतं, बाबा. ज्याच्यासाठी रडले ते खोटं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की डोक्यात रक्तस्राव आधी झाला आणि म्हणून आई पडली, पडताना शुद्ध नसावी. तुम्हाला हे सांगायचं तर दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. मी हातानंच खूण केली की गेली. नंतर क्रियाकर्म, नंतर माझी परीक्षा. ते राहूनच गेलं.

डॉक्टर "नसावी" म्हणाले होते, "नव्हती" म्हणाले नव्हते. म्हणून मीही तुम्हाला तेवढंच सांगते. प्रबंधात मी असा एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. एकेका कामगाराची तपासणी शंका आली म्हणून पुन्हा केली आहे. आणि स्पर्धेत उभी राहिले आणि आपल्याच घरातलं असं बोलले.

गोपालदादाला न्हाणीत उभं केलंत ते वाचून मी तीन दिवस पत्र हातात घेतलं नाही.

ओसरीत बसा, बाबा. त्यात तुमचं काही नव्हतं.

निशी


मोताळा
२१ फेब्रुवारी २०२४

निशी,

तुहं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

तू म्हणतं, हाका खोट्या. पण लोकाईसमोर तू रडून बोलली, आन् हे मले एकट्याले लिहून राह्यली. बापाले बरं वाटावं म्हणून पोरगी खोटं लिहू शकते. डॉक्टरचं बोलणंही तू दोन वर्स सांगतलं नाही आन् आत्ताच सांगून राह्यली. मंग मी तुहं कोणतं खोटं धरू आन् कोणतं सोडू? रागानं लिहून राह्यलो असं समजू नोको. मले समजून नाही राह्यलं म्हणून इचारतो. रागवायले अंगात जोर लागते, थो राह्यला नाही.

पण माहं जाऊ दे. तानुबाईचं आयक.

पिठाच्या गिरणीवर बाया तिले म्हणतात, तुह्या भितीले लागून न्हाणी, रेणुकानं एवढ्या हाका मारल्या तर तू काऊन धावली नाही? रंगराव बहिरा हाय, तू तं बहिरी नाहीस. मंग कोणीतरी नालीच्या पाण्याचं भांडण काढलं. त्या वर्षी दिवाळीत तिचं आन् तुह्या आईचं वाजलं होतं, तुले ठाऊक हाय. बोलणं बंद होतं दोघींचं. आता लोक म्हणतात, आयकू आलं होतं, मुद्दाम गेली नाही. तिच्या नातवाच्या बारशाले अर्ध्या बाया आल्या नाहीत.

तिची सून काजल आली होती. कागदावर लिहून दाखवलं मले, "काका, सासूबाई जेवत नाहीत." मी गेलो. तानुबाई माह्यासमोर उभी राह्यली आन् मले समजावं म्हणून एकेक शब्द तोंड उघडून बोलली. "भाऊ, मी त्या दिवशी घरीच होती. मले काही आयकू आलं नव्हतं. देवाची आण. पण आता माहं मलेच समजत नाही. भांडे घासायले बसली की न्हाणीकडून हाका येतात. भाऊ, येतात काय हो?"

मले इचारते. बहिऱ्याले.

मी तिले सांगतलं, पोरीनं लिहिलं हाय की थे सगळं मनचं हाय. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आन् परत देला. तिले वाचता येत नाही. आन् ज्या लोकाईनं तुले आयकलं त्याईले मी घरोघरी कागद दाखवत हिंडू काय? तू तोंडानं बोलली हायस. येऊन तोंडानंच बोल.

बाबा


पुणे
२९ फेब्रुवारी २०२४

बाबा,

खरं सांगते, मी येणार नव्हते. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तरही लिहिलं होतं, की प्रबंध तोंडावर आहे, एप्रिलमध्ये बघू. ते पाकिटात घातलं आणि मग तानुमावशी तुम्हाला काय विचारत होत्या ते पुन्हा वाचलं. पाकीट फाडलं.

स्पर्धा घेणाऱ्यांना मी कळवलं की भाषणातला एक भाग मी रचलेला होता. चषक परत पाठवला. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला आणि फार सौजन्यानं उत्तर दिलं. पण ज्यानं त्यानं आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतलाय, तो आता फिरतच राहणार. त्याला मी काही करू शकत नाही. मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोष्टीत एवढं चालतं गं. आकडे तर तू खोटे दिले नाहीस ना? आता हे उकरत बसू नकोस." त्या वाईट नाहीत, बाबा. त्यांना मावशी दिसत नाहीत, इतकंच. मलाही दिसल्या नव्हत्या. न्हाणीची एक भिंत मी भाषणात घेतली, आणि तिच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे कोणी राहतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मला भीती वाटते, पण लोकांची नाही. त्या दिवशी बोलताना मला कळलं होतं की माझा आवाज माणसांना धरून ठेवतो. मला ते फार आवडलं होतं. मोताळ्यात उभी राहिले आणि पुन्हा तेच केलं तर? रडून माफी मागितली तर तीही एक गोष्टच होईल. लोक पुन्हा डोळे पुसतील, पोरगी किती मोठ्या मनाची म्हणतील, आणि मावशी जिथल्या तिथे राहतील. म्हणून मी रडायचं नाही असं ठरवलंय. जमेल की नाही माहीत नाही. हल्ली कशावरूनही डोळ्यांत पाणी येतं, झोप नाही ना.

१० मार्चला रविवार आहे, त्या दिवशी येते. गोपालदादाला सांगा, मारुतीच्या देवळासमोर माईक लावून घ्यायचा. खामगावच्या जिनिंगमध्ये काम केलेले आपल्याकडचे जेवढे असतील त्यांना बोलवा, त्यांच्या घरच्या बायकांनाही. संशोधनात काय सापडलं ते त्यांना एकदा सांगणारच होते, ते आधी सांगीन. मग दुसरं. तुम्ही पुढे बसा. मी तुमच्याकडे तोंड करून हळूहळू बोलेन.

मावशींना बळजबरी करू नका. आल्या तर आल्या.

निशी


मोताळा
१८ मार्च २०२४

निशी,

तू गेली त्याले आठ दिवस झाले. पोचल्याची चिठ्ठी भेटली. तू इथं दीड दिवस होती, त्यात आपण दोघं काही बोललो नाही. तू सारखी झोपेल होती, मले उठवू वाटलं नाही. म्हणून आता लिहितो.

देवळापुढं तू बोलली थे मले अर्धं-मुर्धं समजलं. तू माह्याकडं तोंड करून बोलत होती, पण उन्ह तुह्या मांगून येत होतं, तोंड काळं दिसे. गोपालनं मंग सगळं लिहून देलं. ह्यावेळी मागं लागावं लागलं नाही.

कानाबद्दलचं तू लय वेळ सांगतलं. आलेख दाखवला. दोन-चार जण उठून चहाले गेले, आले परत. मंग तू म्हटलं, "पुण्यात मी सांगितलं की माझ्या आईनं हाका मारल्या. ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. बाबांना ऐकू आलं नाही, तानुमावशींना ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शुद्ध नसावी. याच्या पुढचं सगळं मी मनानं रचलं. मावशींना जे बोलणं खावं लागलं ते माझ्यामुळं." आन् तू थांबली. मले वाटलं, माईक गेला. मी मांगं वळून पाह्यलं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी रडलं नाही. तुह्याही डोयात पाणी नव्हतं. तुहं तोंड तापातून उठेल माणसासारखं दिसून राह्यलं होतं.

मंग आपल्या आळीचा रवी उठला आन् त्यानं इचारलं, कानाचं मशीन कुठी भेटते, तपासणी कुठी होते. त्याचा बाप माह्याबरोबर जिनिंगले होता. मंग दुसरा उठला. तू सगळ्याईले सांगत बसली. मले थे बरं वाटलं. लोक आले होते ते त्याच्याचसाठी.

तानुबाई खांबाआड बसेल होती. तू पाया पडायले गेली तर तिनं पाय मांगं घेतले, थे मी पाह्यलं. तू मनाले लावून घेऊ नोको. गिरणीवरचं बोलणं आता कमी झालं असं काजल म्हणते. ज्या बारशाले आल्या नव्हत्या त्यातल्या दोघी येऊन बाळाले पाहून गेल्या. काही लोक म्हणतात, रंगरावनं दम देला म्हणून पोरगी फिरली, पहिलं बोलली तेच खरं होतं. म्हणणारे म्हणतील. तानुबाईले मी इचारलं, हाका येतात काय अजून. म्हणाली, कमी झाल्या. बंद झाल्या असं नाही म्हणाली.

शेवटी तू माह्यासमोर माईक धरला. "बाबा, तुम्हाला काही बोलायचं आहे का?" मी नाही म्हणून मान हालवली. एवढ्या लोकाईत बोलण्यासारखं थे नव्हतं. इथं लिहितो.

तुह्या आईनं मले हाक मारणं कवाचंच सोडलं होतं. खामगावले चाळीत होतो तवा ती मारे. एकदा मारे, दोनदा मारे, मंग जोरानं मारे. मले आयकू येत नाही हे मलेच समजलं नव्हतं, तर मी म्हणो, एवढी वरडतं काऊन? चाळीतले लोक हासत. रेणुकाबाईले भांडणाची लय हौस, म्हणत. एक दिवस माह्या सोबतचा एक फिटर घरी जेवायले आला होता. तिनं मले भात वाढू काय म्हणून तीनदा इचारलं, तिसऱ्यांदा चांगलंच वरडून. थो पाहुणा म्हणाला, "वहिनी, आम्ही मशीनीच्या आवाजातून इथं आलो, अन् इथं बी तेच." सगळे हासले. मीही हासलो, सगळे हासले म्हणून. काय बोलणं झालं थे मले मंग समजलं.

त्या दिवसापासून तिनं आवाज काढला नाही. काम असलं तर समोर येऊन उभी राहे. मी पाठमोरा असलो तर शेंगदाणा फेकून मारे. तू तवा शायेत होती. तुले वाटे आई अबोल हाय, पाहुणेही तसंच म्हणत. ती अबोल नव्हती. लग्न झालं तवा तिच्याएवढी बोलकी बाई त्या चाळीत नव्हती. मशीनीनं माहे कान नेले, तिचा आवाज माह्यापायी गेला. तुह्या आलेखात माहे कान हायेत. तिचं काही नाही. थे कोणी तपासलं नाही, आन् मीही कवा इचारलं नाही.

डॉक्टरचं मी आता मानतो. तू देवळापुढं सगळ्याईसमोर तेच बोलली, म्हणून मानतो. हाका नव्हत्या.

पण एक सांगतो. गोपालचा कागद मी पहिल्यांदा वाचला तवा माही झोप गेली थे खरं हाय. त्याच्या आधी मात्र, घडीभर, मले बरं वाटलं होतं. इतक्या वर्साईनं तिनं मले हाक मारली म्हणून.

हे कुठी बोलू नोको. प्रबंध देऊन टाक, आन् मंग चांगली झोप काढ.

बाबा